लेनच्या नावावरची भिंत

सोळा वर्षांपूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून मी एक वाक्य बोललो. "मी तशी सूचना दिल्याचं मला आठवत नाही." मला नीट आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता.

त्या वाक्यापायी एका चांगल्या गवंड्याचं नाव गेलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला, मेघनालाही नाही. माझं लिहिलेलं छापायला जाण्याआधी तीच वाचते, ऱ्हस्व-दीर्घ तपासते. तेव्हा तिला हे कळणार ते असं, हातात लाल पेन असताना.

या अंकाच्या संपादकांनी 'इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या गमतीजमती' मागवल्या होत्या. त्या आहेत. मी बिल्डिंग सर्व्हेअर. मूळचा कराडचा, सिव्हिल सांगलीला केलं, आणि गेली वीसेक वर्षं साउथहॅम्प्टनमध्ये राहून आसपासची जुनी घरं तपासतो. लोक म्हणतात, म्हणजे तुम्ही घरांचे डॉक्टर. तसं नाही. डॉक्टरला पेशंट निदान कुठं दुखतंय ते सांगतो. इथे घर मुकं, आणि मालक लपवणारे. एका गृहस्थांनी ओल दिसू नये म्हणून तिच्यापुढे कपाट सरकवलं होतं. मी ते हलवू नये म्हणून त्यावर आपली म्हातारी मांजर झोपवली होती. "ती आजारी आहे, तिला उठवू नका," म्हणाले. मी चहा घेत बसलो. दुसऱ्या कपाला मांजर आपणहून उठली आणि गेली. कपाटामागे भिंत काळीकुट्ट. गृहस्थ मांजरीकडे असे बघत होते, जणू तिनंच त्यांना फसवलं!

आता जॉर्जियन घर म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज बसले, त्या काळातली घरं. आपल्याकडे तेव्हा पुण्यात पेशवाई होती, साधारण तोच सुमार. लहान पोराला घर काढ म्हटलं तर ते जसं काढेल तसं हे घर असतं. मधे किंवा कडेला दार, खिडक्या एकीखाली एक ओळीत, सगळं मोजून-मापून. खालच्या खिडक्या उंच, वरच्या मजल्याच्या थोड्या कमी, माळ्याच्या तर चौकोनी. का, तर खाली मालक पाहुण्यांना बसवणार आणि वर मोलकरीण झोपणार. नोकराला उजेड कमी लागतो, असा तेव्हाचा समज असावा. दर्शनी भिंत लाल विटांची, एक वीट लांब बाजूनं, पुढची तोंडाकडून, पुन्हा लांब, पुन्हा तोंड. खिडकीवर विटा घासून-घासून पाचरीसारख्या बसवलेल्या, इतक्या घट्ट, की मधे पोस्टकार्डही जाऊ नये. आणि मागच्या बाजूला गेलात की कसल्याही विटा, कशाही रचलेल्या. सगळी ऐट रस्त्याच्या बाजूला. काही घरांना एक खिडकी खोटीच असते, चौकट पूर्ण आणि आत वीटकाम. ओळ मोडू नये म्हणून. एक बाई मला म्हणाल्या, "ही उघडून द्या, माझा श्वास कोंडतो." त्या खिडकीमागे धुराडं होतं.

माझी गोष्ट अशाच एका घराची आहे. गावाचं नाव लिहीत नाही. बेसिंगस्टोक आणि साउथहॅम्प्टनच्या मधे कुठंतरी, एका छोट्या बाजारपेठेच्या टोकाला ते आहे. तीन खिडक्यांच्या रुंदीचं, वरच्या मजल्यावरची मधली खिडकी खोटी. मालकीणबाई मिसेस हॉलोवे, एकट्या राहायच्या. अठरा वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीच्या दरजा झिजल्या होत्या. दोन विटांमधली फट म्हणजे दरज. त्या खरवडून पुन्हा भरायच्या होत्या. काम आमच्या कंपनीकडे आलं, देखरेख माझ्याकडे आली, आणि गवंडी होता लेन.

लेन तेव्हा पासष्टीचा. बुटका, रुंद पंजांचा. सगळ्यांना 'मश' म्हणायचा. हा त्या भागातला शब्द, आपल्या 'लेका'सारखा. मी 'सर' नव्हतो, 'मिस्टर' नव्हतो, पहिल्या दिवसापासून मश. माझी तेव्हा वर्क परमिटवरची नोकरी, मेघनाला सातवा महिना. चहाच्या वेळी परांचीवर बसून मी त्याला सगळं सांगायचो. नोकरी गेली तर देश सोडावा लागेल, मग बाळ कुठं जन्मेल, सगळं. तो सँडविचचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, "खा. बायकोच्या वाटची काळजीही तूच करत बसलायस."

आता दरजा कशानं भरायच्या हा मुद्दा. जुनं घर चुन्यात बांधलेलं असतं. चुना मऊ. पावसात भिंत भिजते आणि मग दरजांमधून पाणी बाहेर पडून ती वाळते. पण चुना घट्ट व्हायला वेळ घेतो. आठवडेच्या आठवडे त्याला थंडी लागता कामा नये. ओल्या गोणपाटाखाली त्याला तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. आमच्या कागदपत्रांत चुनाच लिहिलेला होता. पण पावसानं काम लांबलं, नोव्हेंबर उजाडला, आणि साहेब मला रोज विचारायचे, "परांची कधी उतरणार?"

माझे वडील कराडला कॉन्ट्रॅक्टर. त्यांच्या वडिलांची चुन्याची घाणी होती. दगडी चाक, गोल चर, फिरणारा बैल. वडिलांनी ती मोडली आणि सिमेंट आणलं, याचा आमच्या घरात मोठा अभिमान. चुना म्हणजे कच्चं, सिमेंट म्हणजे पक्कं, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो होतो. कॉलेजात कोणी वेगळं सांगितलं नाही. आपल्याकडचा कोणताही इंजिनिअर हेच शिकून येतो.

मी लेनला म्हटलं, "सिमेंट घालू. दोन दिवसांत कडक होईल."

तो थापी पुसत म्हणाला, "मश, ही भिंत दोनशे वर्षं भिजतेय आणि वाळतेय. तिला तेवढंच येतं. तू तिला वाळू दिलं नाहीस तर ती काय करेल?"

"आमच्याकडे चार-चार महिने पाऊस कोसळतो. आम्ही सिमेंटच वापरतो."

"तुमच्याकडे मग नंतर कडक ऊनही पडत असेल," लेन म्हणाला.

उत्तर सुचलं नाही म्हणून मी चिठ्ठी लिहिली. खिशातल्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं : 'लेन, थंडी पडायच्या आत संपव. चुना राहू दे, सिमेंट वापर. जबाबदारी माझी.' खाली सही. लेननं ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि कामाला लागला. सिमेंटमध्ये त्यानं पिवळसर वाळू अशी मिसळली, की रस्त्यावरून फरक कळू नये. मिसेस हॉलोवेंनी फळांचा केक पाठवला. पुढच्याच आठवड्यात माझी मुलगी झाली. तिचं आणि त्या सिमेंटचं वय एकच आहे.

दोन हिवाळे गेले. पाण्याला दरजांतून वाट मिळेना, ते विटांत शिरलं, थंडीत गोठलं, फुगलं. विटांचे चेहरे सुटून पडायला लागले. बिस्किटाचा पापुद्रा निघावा तसे. मिसेस हॉलोवेंनी एका पाकिटात भरून ते लाल तुकडे ऑफिसला पाठवले. सोबत ओळ : 'हे माझ्या दारात सापडले. बहुधा तुमचे असावेत.'

साहेबांनी फाइल काढली. फाइलीत चुना. भिंतीत सिमेंट. चिठ्ठीची नक्कल मी ठेवलेली नव्हती. साहेब म्हणाले, "हे कोणी सांगितलं?" मुलगी दीड वर्षाची होती, कायमचं राहायची परवानगी मिळायला अजून वेळ होता. मी ते वाक्य बोललो. साहेबांनी मिसेस हॉलोवेंना पत्र लिहायला मलाच बसवलं. 'गवंड्याने परस्पर साहित्य बदलले' हे इंग्रजीत मीच टाइप केलं. त्यात 'परस्पर' या शब्दासाठी मी बराच वेळ शोधाशोध केली होती.

मी वाट बघत होतो, लेन चिठ्ठी घेऊन येईल. आज येईल, उद्या येईल. तो आला नाही. महिन्याभरानं बांधकामाच्या सामानाच्या दुकानापाशी, पार्किंगमध्ये भेटला. माझे पाय थांबले. तो वाळूच्या गोण्या व्हॅनमध्ये टाकत होता. म्हणाला, "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. चालायला लागली."

"छान," म्हणाला आणि दार लावलं.

जुन्या घरांच्या कामाचं जग लहान असतं. सगळे सगळ्यांना ओळखतात. लेनला पुन्हा जुन्या घराचं काम मिळालं नाही. ठरलेलं एक चर्चचं काम दुसऱ्याकडे गेलं. कामाची शेवटची काही वर्षं तो लोकांच्या परसात फरश्या बसवायचा, मग गुडघे गेले. मी मात्र चुना शिकलो. अगदी मन लावून शिकलो. आज या भागात चुन्याचं काम म्हटलं की लोक माझं नाव घेतात. मी नवशिक्यांना शिकवतोसुद्धा. लेनचीच वाक्यं सांगतो, नाव न घेता.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एक तरुण जोडपं भेटलं. केदार नागपूरचा, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. त्याची बायको मृण्मयी पुण्याची. "काका, आम्ही जुनं घर घेतलंय. सर्व्हे वाईट होता म्हणूनच परवडलं," केदार म्हणाला. "पण भिंत ओली होऊन राहिली हो. एकदा बघाल का?"

त्यानं पत्ता सांगितला आणि माझ्या हातातला प्रसाद हातातच राहिला.

मी गेलो. दार तेच. मिसेस हॉलोवे जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोटी खिडकी वर तशीच डोळा मिटून. दर पाचातल्या एका विटेला चेहरा उरला नव्हता, आणि दरजा मात्र ताठ, विटांच्या पुढे आलेल्या, म्हाताऱ्याच्या हाताच्या शिरांसारख्या. वरच्या खोलीत मी आतला गिलावा थोडा काढला. जॉर्जियन गवंडी भिंतीच्या आतल्या अंगाला लांब लाकडं आडवी घालायचे, भिंत बांधून ठेवायला. मी त्या लाकडात मृण्मयीनं दिलेला चमचा घातला. तो दांड्यापर्यंत आत गेला.

"जानेवारीत आई येणारेय," ती म्हणाली. "हीच खोली तिला द्यायची होती." मग म्हणाली, "काका, समोरच्या आजी सांगत होत्या, लेन म्हणून कोणीतरी होता. त्यानं या घराची वाट लावली."

"म्हणजे त्यानं चुना लावला म्हणा ना," केदार म्हणाला.

"चुना लावला असता तर घर वाचलं असतं," मी म्हणालो.

दोघं हसली. मला तेव्हा बोलता आलं असतं. दार उघडं होतं. मी म्हणालो, "चूक लेनची नव्हती. सूचनाच तशी गेली होती."

"कोणाकडून?" मृण्मयीनं विचारलं.

"ऑफिसकडून."

बघा, पन्नाशी उलटलेला माणूस किती सफाईनं वाक्यातून स्वतःला काढून घेतो.

आतली लाकडं सुताराकडून बदलून घेतली, त्या खोलीचं डिसेंबरात जमलं. मृण्मयीची आई आली आणि तिथेच राहिली. दरजांचं मी केदारला म्हटलं, हे मी करतो, शनिवारी येऊन. मशीन लावलं तर विटांच्या कडा जातात. बारीक छिन्नी आणि लहान हातोडी, दुसरा इलाज नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलं तर दाराएवढीही जागा होत नाही. हिवाळाभर मी माझंच सिमेंट कोरून काढत होतो. मृण्मयीची आई खाली येऊन विचारायची, "भाऊ, आल्याचा चहा चालेल ना?" पोहे, धिरडी, कधी गरम वरणभात. केदारनं मजुरीचं विचारलं, मी नाही म्हटलं. तो भारावून म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो." मी परांचीवर पाठमोरा होतो, ते बरं झालं.

एप्रिलात चुना भरायची वेळ आली. मूळच्या चुन्यात कोणत्या खाणीची वाळू होती, हे मला माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत कळलं असतं. पण मी स्वतःला बजावलं, हे फक्त लेनला माहीत असेल. मला जायला निमित्त हवं होतं, एवढंच.

लेन आता त्र्याऐंशीचा. मुलीकडे, कॅरोलकडे, एका बंगलीत राहतो. तिचा नवराही बांधकामातला. कॅरोलनं दार उघडलं, नाव विचारलं, चहा ठेवला. लेन गॅरेजमध्ये खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर ब्लँकेट. मला बघून म्हणाला, "केस गेले की तुझे, मश."

मी घराचं सांगितलं, वाळूचं विचारलं. त्यानं मान वर करून फळी दाखवली. जुने गवंडी ज्या घरावर काम करतात त्याच्या चुन्याचा खडा जपून ठेवतात, पुढच्या माणसाला उपयोगी पडावा म्हणून. फळीवर जॅमच्या बरण्यांची रांग होती, प्रत्येकीवर घराचं नाव. मी हॉलोवेंची बरणी खाली घेतली.

"लेन," मी म्हणालो, "त्याआधी मला तुला काही सांगायचंय."

"झाकण उघड," तो म्हणाला.

आत पिवळसर चुन्याचे तीन-चार खडे, आणि त्यांच्याखाली घडी केलेला कागद. मी उलगडला. माझं अक्षर. माझी सही. 'जबाबदारी माझी.'

मी कागदाची पुन्हा घडी घातली. मग मी विचारलं, "तू तेव्हा का नाही दाखवलीस?"

"नोकरी गेली की देश सोडावा लागतो, असं तूच सांगितलं होतंस. पोरगी एवढीशी होती तुझी." त्यानं हातानं उंची दाखवली. दीड वर्षाच्या मुलीची बरोब्बर. "मी म्हटलं, येईल तो आपणहून. महिन्याभरात येईल." मग ब्लँकेट सारखं करत म्हणाला, "जरा वेळ लागला."

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही. लेननं माझ्या हातावर हात ठेवला. तळवा अजून खरखरीत होता. म्हणाला, "पुरे. विटा काही तुझ्या रडण्यानं वाळणार नाहीत." मग आवाज खाली करून म्हणाला, "एक कर. कॅरोलला सांग."

"तिला माहीत नाही?"

"मी सांगितलं तर म्हातारा सबबी सांगतोय असं वाटेल. तिच्या नवऱ्याच्या व्हॅनवर आधी माझं नाव होतं, त्याच्या नावाच्या वर. ते कॅरोलनंच काढायला लावलं. मला राग नाही. धंदा आहे. पण मी जाण्याआधी तिला कळावं."

मी हो म्हणालो. बरणी घेतली, चिठ्ठी घेतली. कॅरोल स्वयंपाकघरात कप विसळत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही आलात, खूप बरं वाटलं त्यांना. त्यांच्या कामातलं कोणी येत नाही हो. ते एक घर बिघडलं ना त्यांच्या हातून, तेव्हापासून."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "चहा छान होता."

मे महिन्यात चुना भरायला घेतला. वाळू लेननं सांगितलेल्या खाणीची. कालवलेल्या चुन्याचा गोळा दर वेळी मी डबीत घालून त्याला दाखवून आणायचो. तो बोटांत चोळायचा, कधी "अजून पाणी कमी" म्हणायचा, कधी नुसता हुंकार. दर वेळी कॅरोल चहा करायची. दर वेळी मी चहा पिऊन निघायचो. आता ऑगस्ट संपत आलाय. ताज्या दरजा ओल्या गोणपाटाखाली आहेत, खोट्या खिडकीच्या वरपर्यंत काम आलंय. खाली उतरून बघितलं, की विटा एकमेकींना रेलून निवांत बसल्यासारख्या दिसतात. मेघनाला वाटतं, मला उतारवयात छंद लागला.

हे सगळं मी इतकं मोकळेपणानं लिहू शकलो, कारण मराठीत लिहिलं. लेनला मराठी येत नाही, कॅरोलला येत नाही, साहेबांना आणि त्या समोरच्या आजींनाही येत नाही. केदार-मृण्मयी वाचतील, तेव्हा त्यांना कळेल 'ऑफिस' म्हणजे कोण. पण जिथं नाव गेलं तिथं यातलं एक अक्षरही पोचणार नाही.

लेनची तब्येत ठीक नाही. गेल्या खेपेला त्यानं गोळा चोळला नाही, नुसता हातात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

एक पान इंग्रजीत लिहायचं आहे. त्यात माझं नाव कर्ता म्हणून हवं. ते कॅरोलच्या स्वयंपाकघरात, लेन शेजारी बसलेला असताना, चिठ्ठी टेबलावर ठेवून मला वाचून दाखवायचं आहे. मग त्याची प्रत माझ्या कंपनीच्या फाइलीत लावायची आहे. एवढं मी लेनचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.